सोपान मिस्त्रींची बिनधुराची गाडी

सोपान मिस्त्री कॉइल भरत असताना त्यांच्याशी बोलून उपयोग नसे. उत्तर मिळे, पण आकड्यांत मिळे. एकदा पाणीपुरवठ्याच्या कामावरचे एक साहेब गावच्या मोटारीची चौकशी करायला दुकानात आले. मिस्त्री स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते.

"मिस्त्री, मोटार कधी मिळणार?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस दिवस?"

"बेचाळीस."

"अहो, आत्ता तर एक्केचाळीस म्हणालात!"

"त्रेचाळीस."

साहेबांचा आवाज चढला. मिस्त्रींनी शांतपणे साठ पूर्ण केले, तार तोडली आणि मान वर करून म्हणाले, "उद्या सकाळी न्या. च्या घेणार का?"

भोरहून उत्रोलीकडे जाताना रस्त्याच्या कडेला त्यांचे पत्र्याचे दुकान होते. दुकानाला पाटी नव्हती. दारावरच्या खिळ्याला एका मोटारीचा जळून काळा झालेला गाभा टांगलेला होता. काम काय चालते ते त्यावरून कळे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येत. मी त्या काळात एका दैनिकाला याच दोन तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. दुकानात बसायला बाकडे होते आणि येणारा प्रत्येक जण आपल्या गावचे काहीतरी सांगून जाई, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी तिथे जाणे होई. मिस्त्रींना जाऊन आता दोन वर्षे झाली.

बुटके, रुंद, साठी ओलांडलेले गृहस्थ. बोटे व्हार्निशने कायमची तपकिरी. खिशात पेन नसे, खडू असे. मोटार उघडली की ते आधी वास घेत. मालक काय सांगतो ते त्यानंतर ऐकत.

"मिस्त्री, काय झालं काय माहीत. मोटार चालूच न्हवती बघा," एका शेतकऱ्याने त्यांना माझ्यासमोर सांगितले.

मिस्त्रींनी मोटारीत नाक घातले. "विहीर संपली तरी चालू व्हती. चांगली दोन तास कोरडी फिरलीय. तू जेवून झोपला व्हतास."

शेतकऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "दीड तास."

कोणत्या मोटारीला किती वेढे लागतात याची नोंद ते दुकानाच्या आतल्या भिंतीवर खडूने करत. गावाचे नाव, मालकाचे नाव, आकडा. वीस वर्षांच्या नोंदी त्या भिंतीवर होत्या. एका दिवाळीत मिस्त्री पाहुण्यांकडे गेले असताना त्यांच्या पत्नी हौसाबाईंनी दुकान झाडून घेतले आणि भिंतीला चुना मारला. मिस्त्री परत आले, पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. हौसाबाईंनी विचारले, "कसं वाटतंय?" मिस्त्री म्हणाले, "लई उजेड पडला." दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, वरून, पुन्हा पहिली नोंद केली.

ती गाडी त्यांच्याकडे पानशेतहून आली. धरणाच्या बाजूला पुण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरचा बंगला होता. मिस्त्री त्यांचा पंप दुरुस्त करायला गेले असता गॅरेजच्या फळीवर त्यांना ती दिसली. रिमोटवर चालणारी, मोठ्या चाकांची, हातभर लांब, फूटभर रुंद मॉन्स्टर ट्रक. खेळण्याच्या पोटात खरे इंजिन होते. अंगठ्याएवढा सिलिंडर, वाटीभर मावेल एवढी टाकी. इंधन पेट्रोलचे नव्हे, नायट्रोचे: मिथेनॉलमध्ये नायट्रोमिथेन आणि एरंडेल मिसळून केलेले. गाडी सुरू झाली की अर्ध्या धरणाला ऐकू जाई. शेजारच्या बंगल्यांनी तक्रार केल्यावर इंजिनिअरांनी ती फळीवर ठेवून दिली होती.

"न्या मिस्त्री, इथे धूळच खाते आहे," ते म्हणाले. सोबत इंधनाचे उरलेले दोन डबेही दिले.

मिस्त्रींनी ती दुकानासमोर चालवली. निळा धूर आणि तळलेल्या एरंडेलाचा वास रस्ताभर पसरला. तिसऱ्या दिवशी हौसाबाई म्हणाल्या, "आवं, कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या."

"हुईल त्यास्नी सवय."

"त्यास्नी हुईल. मला न्हाई व्हायची."

गाडी बंद झाली. ती कायमची बंद राहिली असती, पण मध्ये वरच्या वस्तीचे पाणी आले.

उत्रोलीच्या पुढे रस्त्याच्या वरच्या अंगाला अकरा घरांची वस्ती आहे. तिची विहीर रस्त्याच्या खाली, ओढ्याकाठी. रस्ता रुंद करताना विहिरीपासून वस्तीपर्यंतचा जुना पाईप मशीनखाली चिरडला. तेव्हापासून वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्ता ओलांडत होत्या. काम करणाऱ्यांनी भरपाई म्हणून रस्त्याखालून दीड फूट व्यासाची एक सिमेंटची नळी टाकून दिली होती. तिच्यातून वस्तीने नवा पाईप आणि वायर ओढून घ्यायची होती. पण नळी एकशे ऐंशी फूट लांब होती, मध्ये एका जुन्या मोरीला चुकवून वळलेली होती आणि वळणाआधी गाळ साचला होता. आधी एक दोरी आरपार गेल्याशिवाय पाईप ओढता येत नव्हता. एकाला एक बांधलेले बांबू वळणावर अडकले. दोरी बांधलेला चेंडू पाण्याबरोबर सोडला, तो गाळात बसला. अशातच मुकादमाने निरोप दिला: रविवारी दुपारी गटाराचे काँक्रीट पडणार, नळीची दोन्ही तोंडे बुजणार. रस्ता पुन्हा खोदायची परवानगी मिळणार नव्हती. हातात पंधरा दिवस होते.

वस्तीच्या ताराबाई दुकानात आल्या. साठीच्या, आवाज खणखणीत. "मिस्त्री, सिंहगडावर घोरपड चढली म्हनत्यात. तुमच्याकडं हाय का एखादी?"

"घोरपड न्हाई," मिस्त्री म्हणाले, "पर चार चाकाचं जनावर हाय."

त्याच संध्याकाळी गाडीच्या मागे दोरी बांधून ती नळीच्या वरच्या तोंडातून सोडण्यात आली. दोरीला दर दहा फुटांवर गाठ मारलेली होती, म्हणजे गाडी किती आत गेली ते कळावे. पाच गाठी गेल्या. मग आतला आवाज घोगरा झाला आणि बंद पडला. गाडी दोरीने ओढून बाहेर काढली. तिच्या मागोमाग नळीच्या तोंडातून बराच वेळ धूर येत राहिला.

"मेली का?" ताराबाईंनी विचारले.

"गुदमरली. सवताचाच धूर प्यायली." मिस्त्रींनी इंजिनावर बोट ठेवले, चटका बसताच काढून घेतले. "हिला नाकच नसलं पायजे."

नाक नसलेली म्हणजे विजेची. त्यांनी पानशेतला फोन लावला. इंजिनिअरांना कल्पना इतकी आवडली की चौथ्या दिवशी ते स्वतः पुण्याहून सामान घेऊन आले. लिंबाएवढी एक ब्रशलेस मोटार, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि बॅटरी. मोटारीला कार्बनचे ब्रश नाहीत, त्यामुळे आत घासणारे, झिजणारे काही नाही, असे ते समजावून सांगू लागले. मिस्त्रींचे लक्ष मोटारीतून बाहेर आलेल्या तीन वायरींकडे होते.

"तीन? म्हंजे थ्री फेज?"

"एका अर्थी तसंच."

"मंग एवढं कशाला सांगताय साहेब? ही आपल्या पाणबुडी मोटारीची पुतणी हाय."

त्यांनी मोटारीचे मागचे झाकण उघडले. इंजिनिअर "अहो, अहो" म्हणेपर्यंत भिंग लावून आतले वेढे मोजायला सुरुवात झाली होती. "एक. दोन. तीन. चार." मिस्त्री थांबले. भिंग पुसले आणि पुन्हा मोजले. चारच. आयुष्यभर शेकड्यांनी वेढे भरलेल्या माणसाला हे पटेना. त्यांनी ती मोटार बोटांत फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली. शेवटी म्हणाले, "चार वेढ्यांत एवढा जोर. आपन लई तार वाया घालवली."

पुढचे पाच दिवस मोटारी दुरुस्तीला येत राहिल्या आणि बाकड्याखाली साचत राहिल्या. मिस्त्रींनी गाडीचे इंजिन, टाकी आणि सायलेन्सर काढून एका डब्यात भरले. जुन्या पंख्याच्या ॲल्युमिनियममधून मोटार बसवायची पट्टी कापली. टाकीच्या जागी बॅटरी बसवली. ही बॅटरी चार्ज होताना पेट घेऊ शकते असे इंजिनिअरांनी बजावले होते, म्हणून ती दुकानाबाहेर मातीच्या मडक्यात ठेवून चार्ज होई. मडके हौसाबाईंचे. "माझ्या लोणच्याच्या मडक्यात काय शिजवताय?" त्यांनी विचारले. मिस्त्री म्हणाले, "करंट."

गाडीला दोन गिअर होते. दुसरा त्यांनी काढूनच टाकला. "पळायचं न्हाई, वढायचंय." मोटारीवरचे छोटे दातेरी चाक आणि गाडीचे मोठे चाक यांच्यात किती फट ठेवायची, हा प्रश्न दोन दिवस चालला. जवळ बसवले तर चाके कण्हत, लांब बसवले तर दात खात. इंजिनिअर म्हणाले, मध्ये कागदाची पट्टी घालून बसवा आणि मग पट्टी काढून घ्या. मिस्त्रींनी माझ्या हातातले वर्तमानपत्र घेतले, चिमटीत धरून पाहिले आणि परत दिले. "जाड हाय." मग भिंतीवरच्या कॅलेंडरचे गेल्या महिन्याचे पान फाडून पाहिले. तेही जाड निघाले. शेवटी हौसाबाईंच्या बांगड्या ज्या पातळ कागदात गुंडाळून आल्या होत्या, तो कागद बरोबर बसला.

गाडी विटांवर उचलून पहिल्यांदा चालवली तेव्हा चाके उलटी फिरली. बाकड्यावरचे सगळे हसले. मिस्त्रींनी उठून तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. उलट्या फिरणाऱ्या शेतीपंपावर ते आयुष्यभर हाच इलाज करत आले होते. चाके सुलटी फिरली. आवाज जेमतेम शिट्टीएवढा. हौसाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चालू करा की." मिस्त्री म्हणाले, "चालूच हाय."

शुक्रवारी सकाळी गाडी नळीच्या वरच्या तोंडाशी आणली. अख्खी वस्ती जमली होती. ताराबाईंनी हळद-कुंकू आणि नारळ आणला होता. यापुढे जे घडले त्यात ताराबाईंची चूक नव्हती. दुरुस्त केलेला प्रत्येक पंप नारळ फोडूनच सुरू करायचा, हा मिस्त्रींचा जुना रिवाज. त्या दिवशीही "फोडा काकू" असे तेच म्हणाले. ताराबाईंनी गाडीच्या लोखंडी पुढच्या दांड्यावर नारळ आपटला. पंपाला चारी बाजूंनी बिडाचे कवच असते. या गाडीचे वरचे कवच, नळीत मावावी म्हणून, आदल्या दिवशीच काढले होते. नारळाचे सगळे पाणी उघड्या कंट्रोलरवर पडले. त्यावरचा हिरवा दिवा विझला.

ताराबाईंच्या हातात नारळाच्या दोन वाट्या तशाच होत्या.

"काय झालं, मिस्त्री?"

मिस्त्रींनी गाडी उलटी धरली. पाणी गळून गेले. "काय न्हाई. तुमच्या आधी तिलाच तहान लागली व्हती."

लोक हसले, पण मिस्त्री हसले नाहीत. दुसरा कंट्रोलर पुण्यातही लगेच मिळणार नव्हता. इंजिनिअरांनी फोनवर तसे सांगितले. रविवार दोन दिवसांवर होता. ताराबाई दुकानापर्यंत मागे आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "म्या नुसतं कुंकू लावलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

"काकू, फोडा म्या म्हनलो. तुमी बसा."

मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आणून त्यांनी कंट्रोलर दाताच्या ब्रशने धुतला, म्हणजे नारळाचा चिकटपणा जाईल. मग तो वाळवायच्या पिंपात ठेवला. हे पिंप म्हणजे आत दोन मोठे बल्ब लावलेला लोखंडी ड्रम. व्हार्निश केलेल्या मोटारी ते त्यात सुकवत. शनिवारी सकाळी कंट्रोलर बाहेर काढून वायर जोडली. हिरवा दिवा लागला. ताराबाईंना निरोप गेला. पण मिस्त्री तिथे थांबले नाहीत. मोटारीच्या कॉइलला लावतात तेच व्हार्निश त्यांनी कंट्रोलरच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर ब्रशने दोनदा चढवले आणि तो पुन्हा पिंपात ठेवला. इंजिनिअर फोनवर म्हणाले, असे कोणी करत नाही. मिस्त्री म्हणाले, "एकदा पाणी प्यालेलं जनावर परत पितं."

रविवारी काँक्रीटचा मिक्सर सकाळपासून येऊन उभा होता. मुकादमाने तीन वाजेपर्यंतचा वेळ दिला होता. एक वाजता गाडी नळीत शिरली. या वेळी नारळ नव्हता. ताराबाईंनी लांबूनच हात जोडले. मिस्त्री पोटावर आडवे झाले आणि रिमोट धरलेला हात त्यांनी नळीत घातला. शेजारी बसून ताराबाई दोरी सोडत होत्या आणि गाठी मोजत होत्या. पाच. सहा. गाडी गुदमरली नाही. सात. आठ. नवव्या गाठीला दोरी थांबली. आतून पाणी घुसळल्याचा आवाज आला.

"पाणी हाय आत," मिस्त्री म्हणाले. "वीतभर तरी."

गाळावर पाणी साचले आहे, हे बांबूने कळले नव्हते. मिस्त्रींनी गाडी मागे घेतली, पुढे घातली. मागे, पुढे. जुन्या इंजिनाला उलटे चालता येत नव्हते. या मोटारीला येत होते. पाचव्या की सहाव्या खेपेला दोरीला हिसका बसला आणि ती सुटत गेली. दहा. अकरा. बारावी गाठ जाता जाता पुन्हा थांबली. मिस्त्रींनी कळ दाबून पाहिली, पुन्हा दाबली. काही हालचाल नाही.

"वळणापल्याड गेली. हितनं रिमोट पोचत न्हाई."

ते उठले. कोपरापर्यंत चिखल. रिमोट छातीशी धरून ते रस्ता ओलांडून खालच्या तोंडाकडे चालू लागले. मागे ताराबाई दोरी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मुकादमाने घड्याळ पाहिले. दोनला दहा कमी होते. खाली मिस्त्री पुन्हा आडवे झाले. वर ताराबाईंच्या हातातली दोरी हलली.

"गेली!" त्या ओरडल्या. "तेरावी गेली!"

अठरावी गाठ नळीत गेली तेव्हा गाडी खालच्या तोंडातून बाहेर आली. चिखलाचा गोळा आणि त्याला चार चाके. मिस्त्रींनी मागची दोरी सोडून एका झाडाला बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि मगच गाडीकडे बघितले. मुकादमाने मिक्सर बंद करायला सांगितले. "पाईप वढून घ्या आधी," तो म्हणाला. "काँक्रीट उद्या टाकू."

बारीक दोरीने जाड दोरी ओढली, जाड दोरीने काळा पाईप आणि वायर. बुधवारपर्यंत सगळी जोडणी झाली. गुरुवारी सकाळी पंप सुरू करायचा ठरला. मिस्त्री खाली विहिरीवर स्टार्टरपाशी उभे होते, वस्ती वर नव्या नळाभोवती. मी वर होतो. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली, त्यामुळे त्या दिवशी दिसले तेच मिस्त्री शेवटचे.

नळातून आधी हवा आली, मग गढूळ पाण्याची एक पिचकारी, मग धार. ताराबाईंनी पहिली कळशी भरली. "मिस्त्रीला सांगा, आलं म्हनून!" हाक खाली पोचणार नव्हती. सगळ्या बायका रस्त्याच्या कडेला गेल्या आणि आपापल्या कळशा डोक्याच्या वर धरून हलवू लागल्या. खालून मिस्त्रींनी हात वर केला. त्याच वेळी भोरकडे जाणारी एसटी आली. एवढ्या बायका खुणा करताहेत हे पाहून ड्रायव्हरने बस बरोबर त्यांच्या आणि मिस्त्रींच्या मध्ये उभी केली.

"चला, चढा पटापटा," कंडक्टर म्हणाला. "कुठं जायचंय समद्यास्नी?"

"कुठंबी न्हाई," ताराबाई म्हणाल्या.

"मंग गाडी कशाला थांबवली?"

"आमी कुठं थांबवली? तुमीच थांबला. पाणी आलंय आमच्या नळाला!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केले. "द्या की मंग तांब्याभर." तांब्या खिडकीतून आत गेला, रिकामा होऊन बाहेर आला, पुन्हा भरून आत गेला. चार-पाच फेऱ्या झाल्या. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आले की विहिरीवर आता कोणी नाही. पंप चालू होता. खालच्या वाटेने मिस्त्रींची मोपेड मुख्य रस्त्याला लागली होती, मागच्या कॅरिअरवर ती गाडी रबराने आवळून बांधलेली.

"आगं बया, जेवल्याबिगर निघाला की त्यो!" ताराबाईंनी कपाळाला हात लावला. वस्तीत पुरणपोळीचा बेत होता.

"डबा भरा, काकू," ड्रायव्हर म्हणाला. "गाठतो मी."

डबा भरून होईपर्यंत बस थांबली. मग ती भोरच्या दिशेने निघाली आणि लांब वळणाच्या अलीकडे तिने मोपेडला गाठले. वरून सगळे दिसत होते. बसने हॉर्न दिला. मिस्त्रींनी मोपेड कडेला घेतली आणि हाताने पुढे जायची खूण केली. बस पुढे गेली नाही. पुन्हा हॉर्न वाजला. मिस्त्रींनी मोपेड आणखी कडेला घेतली, जवळजवळ भातखाचरात घातली, आणि पुन्हा खूण केली. बस त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून डब्यासह एक हात बाहेर आला.